चार माणसं, पूर्ण

ही गोष्ट खरी आहे.

कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीची आहे, आणि ती तिने मला माझ्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून सांगितली. कुणाचंही नाव घालायचं नाही, एवढ्या एका अटीवर लिहायची परवानगी दिली. म्हणून मी तिला इथे नुसतं ताई म्हणते. तिच्या नवऱ्याला भाऊजी.

आणि एक आधीच सांगून ठेवते. यात रात्र नाही. अमावास्या-बिमावास्या काही नाही. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. ताईने मनगटावरचं घड्याळ बघितलं होतं. रात्रीचं असतं तर मीच म्हटलं असतं, बाई गं, स्वप्न पडलं असेल तुला, सोडून दे.

जागा म्हणजे एका धरणाचं पाणी. त्यावर भाड्याने मिळणारी हाउसबोट. लग्नाला तेरा दिवस झाले होते.

ताई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. चौदा वर्षं. तिथे तिचं मुख्य काम काय, तर मोजणं. पोट उघडायच्या आधी कापसाच्या घड्या किती, चिमटे किती, सुया किती. टाके घालायच्या आधी पुन्हा सगळं मोजायचं. आकडा जुळला की ती मोठ्याने म्हणते, "पूर्ण." मग सर्जन पोट शिवतात. ताई पूर्ण म्हणाली की दुसरं कुणी मोजत बसत नाही. चौदा वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता, आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा?

लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं. तोपर्यंत नातेवाइकांनी तिचं डोकं खाऊन टाकलं होतं. मग एक दिवस ही चष्मा करायला म्हणून दुकानात गेली आणि चष्मेवाल्यालाच घेऊन आली, असं आम्ही तिला चिडवायचो.

भाऊजी म्हणजे चेष्टेखोर माणूस. गंभीर चेहरा करून असं काही बोलतील की समोरचा पाच मिनिटांनी हसेल. स्वतःला उणे सहाचा नंबर. चष्मा काढला की समोर बायको उभी आहे की कपाट, तेही कळायचं नाही. ताईला ते हेडमास्तरीण म्हणायचे. शीळ छान घालायचे.

ताईचा त्यांच्यावर भयंकर जीव होता. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बोलली होती. म्हणाली, इतकी वर्षं थांबले ते बरंच झालं, पण आता यांना काही झालं ना, तर मी काही जगायची नाही. मी तिला वेड्यात काढलं होतं.

बोटीची हौस भाऊजींची. दोन रात्री, तीन दिवस, फक्त आपण दोघं. ताईला पोहता येत नाही, पाण्याची भीतीही वाटते. पण नवऱ्याने एवढ्या हौसेने ठरवलंय म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल?

बोट तशी नीटनेटकी होती. एक खोली, पलंगाच्या उशाशी पाण्यावर उघडणारी खिडकी. गुडघे दाराला लागतील एवढी न्हाणीघराची जागा. मागे छोटं स्वयंपाकघर, वर डेक, बाजूला पाण्यात उतरायची लोखंडी शिडी. चालवणारा साठीचा एक माणूस आणि स्वयंपाकाला त्याची बायको. ताई त्यांना काका आणि काकू म्हणायला लागली.

काकांची एक पद्धत होती.

इंजिन सुरू करायच्या आधी ते सुकाणूजवळ उभे राहायचे आणि विचारायचे, "किती?"

पाहुण्यांपैकी एकाने बोटीवरची सगळी माणसं मोजायची. काका-काकू धरून. आणि आकडा मोठ्याने सांगायचा. त्यानंतरच इंजिन. कारण साधं होतं. कुणी पोहायला उतरलेलं असेल आणि बोटीचा पंखा फिरला तर काय होईल, हे कुणालाही कळेल.

स्वतः मात्र ते मोजायचे नाहीत. ताई मोजायला लागली की मान खाली घालून उभे राहायचे. ताईला ही पद्धत फारच आवडली. आमच्याकडे पण अगदी असंच असतं, असं तिने त्यांना कौतुकाने सांगितलं. ते सुकाणूकडे वळले.

पहिल्याच दिवशी धक्क्यावरून निघताना भाऊजींनी घोळ घातला. ताईने मोजलं तर तीन. पुन्हा मोजलं, तीन. आता तर इथे होते, म्हणून ती धावत खोलीत गेली, तर कपाटाचं दार उघडून भाऊजी "भो" करून बाहेर.

ताई अर्धा तास बोलली नाही त्यांच्याशी. बाकी कशाचीही चेष्टा करा, मोजणीची करायची नाही, असं तिने बजावलं. भाऊजींनी कान पकडले. तिथे विषय मिटला.

त्या पाण्यात झाडं उभी आहेत. धरण बांधलं तेव्हा बुडालेली. पानं नाहीत, साली नाहीत, नुसते करडे खांब. भाऊजींनी हट्ट धरला की गर्दीपासून लांब, त्या झाडांच्या आतच बोट उभी करा. काकांच्या मनात नव्हतं. धरणाचे दरवाजे तिथून जवळ पडतात, म्हणाले. पण भाऊजींनी गोड बोलून ऐकायला लावलं.

संध्याकाळी पाचला चौघं मागच्या स्वयंपाकघरात होती. काकू कांदा चिरत होत्या. काका दाराशी बसून दोर विणत होते. भाऊजी पेपर वाचत होते. ताई चहा पीत होती. सवयीने तिने मोजलंच. चार.

आणि वर डेकवर...

कुणीतरी खोकलं.

पाणी नाकातोंडात गेल्यावर माणूस खोकतो, तसं.

काकूंची सुरी थांबली. मग पुन्हा चालायला लागली. काकांनी मान वर केली नाही. भाऊजी म्हणाले, शेजारच्या बोटीतलं कुणी असेल. ताईने खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारी बोट नव्हती. लांबवर कुठेच नव्हती.

मग तिच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. बोटीच्या तळाला पाणी सारखं थापट्या मारत असतं. थोड्या वेळाने कान त्याला सरावतात, आवाज ऐकूही येत नाही. तो आवाज...

थांबला होता.

पाच-सहा श्वास. मग पुन्हा सुरू झाला. ताईने विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी तिला तिखट किती चालतं ते विचारलं, आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं. पावणेसातला भाऊजी पोहायला उतरले. चष्मा काढून ताईच्या हातात दिला, म्हणाले, सांभाळ, नाहीतर येताना दुसऱ्याच कुणाच्या बोटीवर चढेन. ताईने चष्मा झग्याच्या खिशात टाकला.

ते पोहायला पक्के होते. डोकं वर काढून शीळ घालायचे, पुन्हा बुडी मारायचे. ताई डेकवर खुर्ची टाकून बसली होती. ती मला म्हणाली, आयुष्यात एवढं सुख मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं.

सात वाजता धुकं आलं.

हळूहळू नाही. झाडांमधून सरळ आत आलं. ताईला आधी लांबची झाडं दिसेनाशी झाली, मग जवळची, मग शिडीच्या खालचं पाणी.

तिने हाक मारली. भाऊजींनी "ओ" दिली. बाहेर या, म्हणाली. आलोच, म्हणाले.

आले नाहीत.

तिने पुन्हा हाक मारली. "ओ" आली, पण लांबून. तिसऱ्यांदा मारली तेव्हा...

काहीच आलं नाही.

त्याच वेळी धरणाचा भोंगा वाजला.

काका पळत वर आले. दरवाजे उघडणार होते. एक भोंगा झाला की पंधरा मिनिटांनी दुसरा, आणि दुसऱ्यानंतर पाणी सोडतात. ते सोडलं की या भागातलं पाणी दरवाजांकडे ओढ घेतं. दुसरा भोंगा व्हायच्या आत इथून निघावंच लागतं, नाहीतर बोट झाडांवर आपटून फुटते. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि नांगर उचलायला गेले.

ताई डेकच्या कठड्याला धरून ओरडत होती. काकू पत्र्याची परात बडवत होत्या, आवाजाच्या रोखाने तरी येतील म्हणून. दहा मिनिटं गेली असतील. ताई म्हणते, दहा वर्षं गेली.

मग डाव्या बाजूला...

पाण्यात हात मारल्याचा आवाज झाला. एकच. शिडीखाली.

काकांनी लांब काठी खाली सोडली. ती कुणीतरी धरली. काका आणि ताई दोघांनी मिळून ओढलं.

भाऊजी वर आले.

ताईने त्यांना मिठीच मारली. गार पडले होते, ओठ निळे झाले होते. ती त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होती, केस पुसत होती. कपाळावरची जुनी खूण, उजव्या कानामागचा तीळ, सगळं जिथल्या तिथे. त्यांना स्टुलावर बसवून तिने मोठा टॉवेल डोक्यावरून पांघरला. ते बोलत नव्हते. दम लागलेला माणूस कुठून बोलणार, असं तिला वाटलं.

एकच गोष्ट होती. त्यांना दम लागलेला नव्हता.

काका सुकाणूजवळ उभे राहिले. मान खाली घातली.

"किती?"

ताईने मोजलं. काका, काकू, मी, हे.

"चार. पूर्ण."

इंजिन सुरू झालं. तिने घड्याळ बघितलं. सात वीस. दुसरा भोंगा झाला नव्हता, वेळेत निघालो, म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला.

आणि उजव्या बाजूच्या धुक्यातून...

"अगं ए हेडमास्तरीण! मी इकडे आहे! थांबा ना!"

ताईला वाटलं, आपलं डोकं फिरलंय.

आवाज भाऊजींचा होता. दम लागलेला. पन्नास हातांवरून आला असेल. काकूंनी परात खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

काकांचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. बोट अजून जागची हललीही नव्हती. त्यांनी पहिल्यांदाच ताईच्या डोळ्यांत बघितलं.

"बाई, बोट माझी आहे, पण माणूस तुमचा आहे. पुन्हा मोजा. किती?"

ताई वळली. स्टुलावरच्या माणसाने टॉवेल मागे सारला होता. तिच्याकडेच बघत होता. तेच डोळे. चष्मा नसला की भाऊजी डोळे बारीक करून बघायचे, तसं नाही. सरळ, स्वच्छ बघत होता.

"मला थंडी वाजतेय," तो म्हणाला. "घरी चल."

आवाज तोच.

धुक्यातून पुन्हा हाक आली. या वेळी हसू होतं तिच्यात. "बरं बाबा, हरलो! कपाटाचा सूड घेतलास ना? कान पकडतो. आता थांबवा बोट, मला खरंच काही दिसत नाहीये."

त्यांना वाटत होतं, बायको चेष्टा करतेय.

हे सांगताना ताई माझ्या ओट्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिने काय करायला हवं होतं? मी खूप विचार केला आहे. थिएटरमध्ये एक घडी कमी भरली तर पोट शिवत नाहीत, शोधतात. पण आकडा जास्त भरला तर? आणि मोजताना आकडाच मोजतात. कुठली घडी आहे हे कोण बघतं? नवरा तिच्यासमोर बसला होता. तिने हाताने चाचपला होता. धुक्यात नुसता आवाज होता, आणि धरणाभोवतीच्या डोंगरात आवाज फिरतात, हे तिला माहीत होतं. बोटीवर आणखी दोन जीव होते. भोंगा कुठल्याही क्षणी वाजणार होता.

ही सगळी कारणं तिने मला सांगितली. मग म्हणाली, ही मी नंतर गोळा केली गं. तेव्हा डोक्यात एकच होतं. नवरा माझ्या हाताला लागलाय, आता मी तो सोडणार नाही.

ती म्हणाली, "चार."

काकांनी दांडा ओढला.

बोट झाडांमधून निघाली. मागून हाका येत होत्या. आधी हसत. मग चिडून. मग तिचं खरं नाव घेऊन, जे ते कधीच घ्यायचे नाहीत. मग नाव नाही, नुसता आवाज. ताईने स्टुलावरच्या माणसाचा हात घट्ट धरला होता. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या हातावर थोपटलं.

दुसरा भोंगा वाजला. तो थांबला तेव्हा मागे काहीच ऐकू येत नव्हतं.

धक्क्यावर ऊन पडलेलं होतं. काकांनी सामान उतरवून दिलं. काकूंनी ताईला बाजूला घेतलं. त्या दोन दिवसांत त्या मोजून चार वाक्यं बोलल्या असतील.

"आमच्या घरी माझा दीर असतो," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी धुक्यातून यांनीच त्याला वर ओढला, स्वतः मोजून धक्क्यावर आणला. तेव्हापासून आम्ही दोघं बोटीवरच राहतो. घरी जात नाही."

ताईने विचारलं, मग काकांनी माझ्याकडून का मोजून घेतलं? तुम्हाला माहीत होतं ना?

काकू म्हणाल्या, "कुणाकडून तरी घ्यावंच लागतं." आणि बोटीवर परत गेल्या.

संसार सुरू झाला.

आणि सांगते, दृष्ट लागावी असा. भाऊजी वेळेवर दुकानात जायचे, वेळेवर घरी यायचे. ताईची ड्यूटी असली की स्वयंपाक करून ठेवायचे. तिच्या सासूबाई आमच्याकडे येऊन कौतुक करून गेल्या, लग्नाने पोरगा कसा सुधारला, कार्टं पूर्वी एक मिनिट गप्प बसायचं नाही.

आता गप्प असायचे. चेष्टा नाही. शीळ नाही. हेडमास्तरीण हा शब्द तर त्यांच्या तोंडून गेलाच होता. ताईने एकदा मुद्दाम आठवण करून दिली. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तशी हाक मारली. परत म्हणू नका, असं तिनेच सांगितलं.

चष्मा लावायचे. पण एकदा ताईने घर आवरताना बघितलं, तर चष्मा फडताळावर पडलेला, काचांवर धुळीचा थर. किती दिवस तिथे होता कोण जाणे. आणि भाऊजी खिडकीशी बसून...

पेपर वाचत होते.

हातभर लांब धरून. बारीक अक्षरातल्या जाहिराती. तिने बघितलं, हे त्यांना कळलं. ते उठले, चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे बघून हसले.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? नवरा चांगला वागतो, ही काय तक्रार झाली?

अडीच महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, थिएटरच्या बाहेर कुणीतरी भेटायला आलंय म्हणून निरोप आला. ताई दोन ऑपरेशनच्या मध्ये होती, हिरव्या कपड्यांतच बाहेर आली. भिंतीला पाठ लावून काका उभे होते. हातात टोपी.

धरणाच्या दरवाजाच्या जाळीत एक माणूस सापडला होता. पुरुष. ओळखण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पोलीस सगळ्या बोटवाल्यांना विचारून गेले होते, तुमच्या बोटीवरचं कुणी कमी आहे का? काकांनी सांगितलं होतं, नाही. माझ्या सगळ्या फेऱ्या पूर्ण आहेत.

"तीन दिवस ठेवतात," ते म्हणाले. "नंतर बेवारस म्हणून जाळतात. तुम्हाला सांगायचं माझं काम होतं."

ताईने विचारलं, "तुमच्या भावाच्या वेळी सापडलं होतं कुणी?"

"सापडलं होतं."

"तुम्ही गेला होतात बघायला?"

"नाही."

"का?"

काका टोपी हातात फिरवत राहिले. "निरोप आला तेव्हा भाऊ माझ्यासमोर जेवायला बसला होता," ते म्हणाले. "ताट टाकून मी जायचं कसं आणि त्याला सांगायचं काय?"

आतून ताईला हाक आली. ती गेली. त्या दुपारी तिने तीन वेळा मोजलं, तीनही वेळा आकडा वेगळा आला. दुसऱ्या नर्सला उभं करून ती घरी निघून आली.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि दिवसभर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिली. भाऊजींनी कपाळावर हात ठेवून बघितला, ताप नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती ड्यूटीला जाते म्हणून निघाली आणि बसस्टँडवर गेली. तिकीट काढलं. धरणाच्या गावाची बस समोर उभी होती. ती बाकावर बसून राहिली. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. पाचला तिथल्या शवागाराचं ऑफिस बंद होतं, हे तिला काकांनी सांगितलं होतं. साडेचारची शेवटची बस गेल्यावर ती उठली.

तिने काय केलं हे तिला कळत होतं. धुक्यात नुसता आवाज होता, असं म्हणायला तेव्हा जागा होती. या वेळी नव्हती. जाऊन नुसतं बघायचं होतं. ज्या माणसावाचून जगणार नाही म्हणाली होती, तो तिकडे एका टेबलावर बेवारस पडला असेल, कदाचित. आणि ती पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली.

सहाला घरी पोचली. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. काका आलेले, रजा कशाची, बसस्टँड, काही नाही. घरी तर अवाक्षर नाही.

भाऊजींनी तिच्या खांद्यावरची पर्स घेतली, खुंटीला लावली.

"गेली नाहीस ना बघायला?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "बस. चहा टाकतो."

मी ताईला म्हटलं, अगं, अशा माणसाबरोबर तू राहतेस कशी? अजूनही? चल, आत्ताच्या आत्ता इथेच राहा माझ्याकडे.

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "जाऊन बघितलं असतं आणि खरंच ते असते, तर मी परत घरी कुणाकडे आले असते? दोघंही गेले असते माझे." मग जरा थांबून म्हणाली, "हा काळजी घेतो गं माझी."

एवढंच सांगते, ती हे सगळं मला सांगत होती तेव्हा भाऊजी माझ्याच घरात होते. बाहेरच्या खोलीत माझ्या मुलीला गणित शिकवत बसले होते. मधून मधून त्यांचा आवाज यायचा, शांत, समजावून सांगणारा. मग तो बंद झाला.

मी अगदी साध्या आवाजात मुलीला आत बोलावलं. तिने लगेच "ओ" दिली नाही.

मी पुन्हा हाक मारली.